दिल्लीच्या कानात

“वाचा,” असं म्हणत पांढरीपांडे पटवाऱ्यांनी कापडी पुठ्ठ्याची लांबट वही माझ्या टेबलावर आपटली. “मोठ्यानं वाचा. मी काय लिहून ठेवलंय ते मलाही ऐकू द्या.”

शाळा नुकतीच सुटली होती. चिंचखेडची शाळा म्हणजे एक लांब खोली, तिच्या टोकाला फळ्यांच्या आडोशामागं माझं बिऱ्हाड आणि पुढं एक कडुनिंब. एक्कावन्न सालचा चैत्र होता. पटवारी तालुक्याहून बारा मैल सायकल मारत आले होते. त्यांच्या काळ्या टोपीच्या कडेला घामाची पांढरी रेघ उमटली होती.

मी वही उघडली.

“घर क्रमांक सात. गणपत मोहोड, वय एकतीस. गणपतची आई. गणपतची बायको. घर क्रमांक आठ. किसन बोंडे, वय पन्नास. किसनची बायको. किसनची विधवा बहीण. घर क्रमांक नऊ. सदाशिव भुयार. सदाशिवची पहिली. सदाशिवची दुसरी...”

मला हसू आवरेना.

“हसा,” पटवारी म्हणाले. “तहसीलदारसाहेब नाही हसले. दिल्लीहून हुकूम आलाय. मतदारांच्या यादीत बाईचं स्वतःचं नाव पाहिजे. अमक्याची आई नि तमक्याची बायको चालणार नाही. ज्या ओळीत नाव नाही ती ओळ कापायची. मग त्या बाईला मत नाही.”

“कधीपर्यंत?”

“शनिवारपर्यंत वही कचेरीत.”

त्या दिवशी मंगळवार होता.

“अशा ओळी किती आहेत?”

“चौऱ्याण्णव. मोजून आलोय.”

“पण पटवारीकाका, तुम्ही नावं विचारलीच नाहीत?”

“विचारली नसतील का?” ते उसळले. “दारात उभं राहून विचारलं की आतून उत्तर येतं, ‘घरी कोनी नाई.’ बाईच सांगते घरी कोणी नाही म्हणून! आता याच्यापुढं मी काय लिहू? गड्याला विचारावं तर तो म्हणतो, ‘बाईचं नाव कायले पाह्यजे? मी हावो न.’”

त्यांनी माझ्या माठातलं पाणी स्वतःच घेतलं, दोन पेले प्यायले आणि खाली बसून टोपीनं वारा घेऊ लागले.

“सरकार चांगलं आहे, मास्तरीणबाई. मी नाही म्हणत नाही. गोऱ्या साहेबाच्या राज्यात मत कोणाला होतं? ज्याच्याकडं शेतसारा, त्याला. आता मला मत, पाटलाला मत, महाराला मत, बायकांनाही मत. असं कुठं झालंय? पण हे सरकार हुकूम काढतं दिल्लीत बसून, आणि तो अंमलात आणायला चिंचखेडात मी एकटा, एका सायकलवर. तिचीही चेन पडते. चार वर्षांचं सरकार आहे. पंधरा ऑगस्टला साखर वाटली, तेव्हापासून साखर कार्डावर. अशा सरकारसाठी बायकांच्या शिव्या खायच्या म्हणजे...”

“मी जाते घरोघर,” मी म्हणाले.

ते याच वाक्यासाठी बारा मैल आले होते हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. अमरावतीहून येऊन दोन वर्षं झाली होती. प्रजासत्ताक झालं त्या दिवशी मुलींना घेऊन मी गावभर फिरले होते आणि घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या होत्या. ते सरकार मला माझं वाटायचं. आता ऐंशी ओलांडल्यावर इतकं सगळं माझं माझं वाटत नाही. पण तेव्हा वाटायचं, आणि त्या चौऱ्याण्णव ओळी कापल्या जाव्यात हे मला पटेना.

बुधवारी सकाळी मी वही घेऊन आधी गावकुसाबाहेरच्या वस्तीत गेले. तिथं मला विचारावंच लागलं नाही. सोनाबाई तायडे दारातच उभी होती. तिनं आतून पोतं आणून अंथरलं आणि हाक देऊन सगळ्या बायका गोळा केल्या.

“लिव्हा बाई. सोना. नवऱ्याचं नाव बुधा. अन् काना-मात्रा नीट द्या बरं, नाईतर मताच्या दिवशी म्हनतीन, हे तू नव्हेच.”

तासाभरात एकोणीस नावं झाली. मला वाटलं, काम संपलंच. मग मी गावात शिरले आणि दुपारपर्यंत एक नाव मिळालं नाही.

बायका गोड बोलायच्या. ताक द्यायच्या. पोरीच्या अक्षराची चौकशी करायच्या. नाव विचारलं की मात्र पदर दातात. आणि सगळ्यांचं म्हणणं एकच. “मोठीमायनं सांगतलं का? मंग आमी कसं सांगाव? तिनं सांगू द्या आधी.”

मोठीमाय म्हणजे संपत मोहोडांची विधवा, वहीतली ‘गणपतची आई’. साठीची असेल, बारीक, ताठ, काळ्याभोर डोळ्यांची. गावातल्या बायकांची बाळंतपणं तिच्या हातची, लग्नातली वडी-पापडाची कामं तिच्या देखरेखीखाली. ती रागावत कधी नसे. नुसती गप्प बसायची, आणि तिच्या गप्प बसण्याला सगळं गाव वचकून असायचं.

गुरुवारी तिच्या अंगणात पापड होते. चैत्रात वऱ्हाडात असंच चालतं. आज एकीकडं, उद्या दुसरीकडं, सगळ्या बायका पोळपाट-लाटणं घेऊन जमतात. गुराच्या मांडवाखाली सावलीत वीस-पंचवीस जणी बसल्या होत्या. उडदाचं पीठ कुटून कुटून मऊ केलेलं, त्याच्या लाट्या तेलात बुडवून ठेवलेल्या. मी वही घेऊन आत आले तशी बडबड थांबली.

“ये व मास्तरीणबाई,” मोठीमाय म्हणाली. “वही ठेव तिकडे. लाटणं घे.”

मी लाटू लागले. माझा पहिला पापड विदर्भाच्या नकाशासारखा झाला. मोठीमायची सून शेवंता तो हातात धरून सगळ्यांना दाखवू लागली.

“शायेत हेच शिकवता का जी?”

सगळ्या हसल्या. मला वाटलं, हीच वेळ.

“मोठीमाय, दिल्लीच्या सरकारनं...”

“दिल्लीच्या सरकारनं काय देल्लं आमाले?” ती मान वर न करता म्हणाली. “लढाईच्या साली असाच एक मानूस वही घेऊन आला होता. घरात मानसं किती, पोत्यात जवारी किती, सारं लिव्हून गेला. आठ दिसांनं गाडी आली अन् जवारी घेऊन गेली. सरकारनं लिव्हलं का काई ना काई जाते.”

“ते इंग्रजांचं सरकार होतं, मोठीमाय. हे आपलं आहे. हे न्यायला नाही, द्यायला आलंय. मत द्यायला.”

“अन् नाव काहून पाह्यजे?”

“मत बाईचं आहे ना? मग नावही बाईचं पाहिजे. नवऱ्याचं कसं चालेल?”

तिचं लाटणं थांबलं. ती माझ्याकडं पाहत राहिली. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक चांदीचा पातळ पत्रा असायचा. मी तो देवीचा समजत होते. बोलताना तिचा हात आपोआप त्याच्यावर गेला. मग ती म्हणाली, “लाटा गं पोरींनो, पीठ सुकून राह्यलं.” आणि विषय संपला.

दुपारी बायका घरोघरी गेल्या. मी वही उचलली तशी मोठीमायनं मला थांबवलं.

“जेवून जाय. उपाशी जाऊ नोको.”

तिनं मला ज्वारीची भाकर आणि आंबाडीची भाजी वाढली, आणि स्वतः पानावर बसण्याआधी भाजी-भाकरीचा एक घास वेगळा काढून गळ्यातल्या त्या पत्र्याला टेकवला. मग तो घास चिमण्यांना टाकला.

“कोणती देवी आहे ही?” मी विचारलं.

“देवी नाई. सवत हाये.”

मी घास तसाच हातात धरून राहिले.

“माह्या मालकाची पहिली बायको. बायंतपनात गेली. मी दुसरी. अकरा वर्सांची होती मी लग्नात. पहिलीचा टाक असा गयात घालाव लागते दुसरीनं, नाईतर ते सुखानं नांदू देत नाई म्हन्तात. रोज तिले आधी घास, मंग मले. सनाले तिले लुगडं आधी, मंग तेच मले.” तिनं तो टाक उलटा करून दाखवला. झिजून झिजून त्यावरची बाईची आकृती जेमतेम दिसत होती. “माह्या सासूचा तिच्यावर लय जीव. लग्नाच्या दिशी ताटातल्या तांदयात माहं नाव लिव्हाची येळ आली तं सासू म्हने, नवं नाव कायले? यमुनाच लिव्हा. घरात त्या नावाची सवय हाये.”

“म्हणजे यमुना हे तुमचं नाव नाही?”

“तिचं हाये. मी ते वापरलं. लुगड्यावानी.”

तिनं हे अगदी सहज सांगितलं. ना रडत, ना कुढत. बाहेर पापड वाळत होते आणि कावळा येऊ नये म्हणून ती मधून मधून हातातली काडी आपटत होती.

“आता तू म्हन्ते नाव सांगा. कोनाचं सांगू? यमुना सांगतलं तं ते माहं नाई. दुसरं सांगतलं तं त्या नावाची बाई या गावानं पाह्यली नाई.”

पटवारी त्याच दुपारी शाळेत भेटले. मी नावं न सांगता अडचण सांगितली. ते म्हणाले, “यात काय एवढं? जे नाव गावाला ठाऊक, तेच लिहा. उद्या मतदानाला कोणी हरकत घेतली तर ओळख पटायला नको? दिल्लीला काय कळतंय खरं नाव कोणतं आणि वापरातलं कोणतं!”

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सोपं होतं. संध्याकाळच्या उन्हात मी पुन्हा मोठीमायच्या अंगणात गेले. ती पापड गोळा करत होती.

“मोठीमाय, यमुनाच लिहू का?”

तिनं हातातले पापड टोपल्यात ठेवले.

“ते बाई मरून पन्नास वर्सं झाली. मेलेल्या बाईचं मत घेते का तुहं सरकार?”

मीही दोन पापड उचलून टोपल्यात ठेवले.

“घेत नाही,” मी म्हणाले. “हुकमात तसं लिहिलंय. बाईचं स्वतःचं नाव.”

“सोताचं?”

“हो. स्वतःचं.”

“दिल्लीत कोनाले ठाऊक झालं,” तिनं हळूच विचारलं, “का बाईले सोताचं नाव असते म्हनून?”

तेवढ्यात कावळा आला आणि ती काडी घेऊन त्याच्यावर धावली.

शुक्रवारी सकाळी ती शेवंताकरवी निरोप पाठवील असं मला वाटलं होतं. निरोप आला नाही. दुसऱ्या दिवशी वही द्यायची होती. एकोणीस नावं घेऊन मी बसले होते आणि बाकीच्या ओळींकडं बघत होते. शेवटी मुलींना पाढे लिहायला देऊन मी गेलेच. त्या दिवशीचे पापड भुयारांच्या अंगणात होते. सगळ्या जणी होत्या. मोठीमाय मधोमध बसलेली.

“आली का सरकारची बाई?” भुयारांची दुसरी म्हणाली, आणि पहिलीनं तिला कोपर मारलं.

“आली,” मोठीमाय म्हणाली. “मास्तरीणबाई, तुले उखाना येते का?”

“येतो की थोडा.”

“बाई उखान्यात कोनाचं नाव घेते?”

“नवऱ्याचं.”

“अन् सोताचं घेतलं तं?”

लाटणी थांबली. शेवंता सासूकडं पाहू लागली. मोठीमायनं हातातली लाटी पोळपाटावर ठेवली, पदर सारखा केला, गळ्यातला टाक एका हातानं घट्ट धरला, आणि लग्नातल्या नवरीसारखी मान खाली घालून म्हणाली:

“पापड लाटले पाटावर, वायवले उन्हात,
कौतिका माहं नाव, जाऊ द्या दिल्लीच्या कानात.”

एक क्षणभर कोणाला काही कळेना. “कौतिका कोन व?” कुणीतरी पुटपुटलं. मग तिनं सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तितक्याच शांतपणे. शेवंता बारा वर्षं त्या घरात नांदत होती. तिलाही हे ठाऊक नव्हतं. ती उठली आणि सासूच्या पायाशी जाऊन बसली.

“रडू नोको,” मोठीमाय म्हणाली. “तुहं नाव सांग. उखान्यात. साधं चालनार नाई.”

मग जे सुरू झालं ते मी अजून विसरले नाही. एकीनं घेतलं की दुसरी तिच्यापेक्षा वरचढ घ्यायला बघायची. भुयारांच्या दोघींनी तर एकाच उखाण्यात दोघींची नावं बसवली आणि नवऱ्याचं नाव गाळलं; त्यावर इतकं हसू झालं की वाळवणाजवळच्या कोंबड्या पळाल्या. कोणी लाजलं, कोणाला यमक जुळेना, एका म्हातारीला माहेरचं नाव आठवायला इतका वेळ लागला की आमच्या दोन लाट्या लाटून झाल्या. मी लिहीत होते. वहीच्या पानांवर तेलाची बोटं उमटत होती. दिवस कलेपर्यंत अडुसष्ट नावं झाली.

शनिवारी वही पटवाऱ्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी तेलाचे डाग पाहून कपाळावर हात मारला, पण चेहऱ्यावरचं हसू लपेना.

“एकोणीस आणि अडुसष्ट. सत्त्याऐंशी! मास्तरीणबाई, तुम्ही तहसीलदार व्हायला पाहिजे.”

“सहा जणी कापसाच्या जिनिंगच्या कामाला अकोल्याला गेल्यात, काका. त्या आल्या की...”

“आल्या की काही नाही. आज संध्याकाळी यादी बंद.” त्यांनी मान हलवली. “त्यांच्या ओळी कापाव्या लागतील. मी लिहून कळवीन वर. पण वर म्हणजे कुठं, ते मलाच ठाऊक नाही.”

सत्त्याऐंशी आणि सहा, त्र्याण्णव. एक ओळ उरत होती. मोजणीत कुठंतरी चूक झाली असेल म्हणून मी सोडून दिलं. त्या सहा जणींची हळहळ मात्र पुष्कळ दिवस लागून राहिली. दिल्लीनं बाईचं नाव विचारलं खरं, पण ती घरी नसेल तर दुसऱ्यांदा यायला दिल्लीजवळ वेळ नव्हता.

मतदान संक्रांतीच्या चार दिवस आधी झालं. केंद्र माझ्याच शाळेत. बाकं बाहेर काढली, खोलीत आडपडदा लावला, पडद्यामागं चित्रं चिकटवलेल्या पेट्या मांडल्या. परगावचे एक हेडमास्तर अधिकारी म्हणून आले होते. कानापर्यंत मफलर गुंडाळलेले, सारखे घड्याळ बघणारे. पांढरीपांडे पटवारी याद्या घेऊन बसले होते. मी बायकांच्या रांगेपाशी उभी होते. रांग एकच होती. पुढं सोनाबाई तायडे, तिच्यामागं मोठीमाय, मग शेवंता, मग सगळं पापडांचं अंगण. काहींनी हळदीकुंकवाला निघाल्यासारखी नवी लुगडी नेसली होती.

सोनाबाईनं आत जाऊन आपलं नाव खणखणीत सांगितलं, शाई लावून घेतली आणि ते बोट हवेत धरूनच बाहेर आली.

मग मोठीमाय पुढं झाली.

“कौतिका संपत मोहोड,” अधिकाऱ्यांनी यादीतून वाचलं.

ती उत्तर देईना. पन्नास वर्षांत ते नाव कुणा पुरुषाच्या तोंडून तिनं ऐकलं नव्हतं. ती इकडंतिकडं बघत राहिली, जणू दुसऱ्याच बाईला बोलावलंय.

“हरकत आहे, साहेब!” उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून खिडकीशी बसलेला तिचा पुतण्या देवराव उठून उभा राहिला. माणूस वाईट नव्हता. आदल्या दिवशी नियमांची पुस्तिका पाठ करून आला होता. “ही माझी काकू आहे. हिचं नाव यमुना. जन्मल्यापासून ऐकतोय मी. कौतिका नावाची बाई आमच्या घरात नाहीच.”

अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला. “आजी, तुमचं नाव काय?”

खोलीत पाच-सात पुरुष. समोर पुतण्या. मोठीमायनं पदर कपाळावर ओढला. तिचा हात टाकाकडं गेला. मी पटवाऱ्यांकडं पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. तिनं ‘यमुना’ म्हटलं असतं तर सगळंच संपत होतं.

“आजी, नाव सांगा. रांग मोठी आहे.”

आणि मोठीमायनं मान खाली घालून पहिल्यापासून शेवटपर्यंत तो उखाणाच म्हटला. पापड, पाट, ऊन, दिल्लीचा कान, सगळं.

बाहेर रांगेत हशा उसळला. हेडमास्तरांच्या मफलरीतूनही काहीतरी आवाज आला. “हे... हे ठीक आहे,” ते म्हणाले. “पण हरकत घेतली गेलीय. ओळख पटवणारं कोणी आहे?”

शेवंता दारातून आत आली. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत होता. देवराव तिचा थोरला चुलत दीर; त्याच्यासमोर ती कधी तोंड उघडत नसे, आणि सासूचं नाव तर जन्मात घेतलं नव्हतं. पण या वेळी ती बोलली, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

“ह्या माह्या सासूबाई. कौतिका संपत मोहोड.”

“कौतिकाच हाये!” मागून भुयारांची दुसरी ओरडली. “आमी साऱ्या हाओत सांगाले!”

“साऱ्या हाओत!” रांग म्हणाली.

देवराव खाली बसला. अधिकाऱ्यांनी पुन्हा यादीवर बोट ठेवलं आणि या वेळी जरा मोठ्यानं वाचलं, “कौतिका संपत मोहोड.”

“होय जी,” मोठीमाय म्हणाली, आणि तिनं बोट पुढं केलं.

बायकांची रांग संपली तेव्हा उन्हं कलली होती. मी सगळ्यात शेवटी आत गेले. अधिकाऱ्यांनी मला हसून नमस्कार केला; दुपारचा चहा मीच दिला होता. मी नाव सांगितलं. त्यांनी यादीवर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. पान उलटलं.

“मास्तरीणबाई, तुमचं नाव नाही हो यात.”

“नीट पाहा ना. शाळा. घर क्रमांक एक्केचाळीस.”

“चाळीसवर संपतेय यादी.”

पटवाऱ्यांनी पिशवीतून ती जुनी वही काढली. तेलाच्या डागांची. शेवटचं पान त्यांनी उघडलं आणि तसंच माझ्यापुढं धरलं. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: घर क्रमांक एक्केचाळीस, शाळा. मास्तरीणबाई, वय बावीस. आणि त्यावर कचेरीतल्या कुणीतरी ओढलेली सरळ लाल रेघ.

ती चौऱ्याण्णवावी ओळ होती. मी चाळीस घरी गेले होते. एक्केचाळिसावं माझंच, तिथं जायचं मला सुचलंच नव्हतं.

“काका, तुम्हाला माझं नाव ठाऊक नव्हतं?”

“मला वाटलं...” ते म्हणाले आणि थांबले. “नाही, मला काही वाटलंच नाही, मास्तरीणबाई. तेच तर.”

मी बाहेर आले. कडुनिंबाखाली मोठीमाय बसली होती, शाईचं बोट वाळलं तरी जपून वर धरलेलं. तिनं आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग हाताकडं.

“बोट कोरडं काहून तुहं?”

मी सांगितलं. सांगता सांगता मला रडू आलं. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला येतं तसं, हुंदक्यांसकट. सरकारवर राग, पटवाऱ्यांवर राग, स्वतःवर सगळ्यात जास्त. पटवारी सायकल धरून जवळ उभे होते, आणि जावं की थांबावं हे त्यांना कळत नव्हतं.

मोठीमायनं मला रडू दिलं. मग विचारलं, “तुहं नाव काय व, पोरी?”

दोन वर्षं मी त्या गावात होते. त्या अंगणात जेवले होते, पापड लाटले होते, सत्त्याऐंशी जणींची नावं विचारली होती.

“दमयंती,” मी म्हणाले. “दमयंती नामदेव शेंडे.”

“दमयंती,” तिनं हळू म्हणून पाहिलं. मग पटवाऱ्यांकडं वळली. “लिव्हा, पटवारी.”

“आता लिहून काय उपयोग, मोठीमाय? आजचं मत तर गेलं. पुढची निवडणूक पाच वर्षांनी.”

“मंग? पाच वर्सांनं सरकार येनार नाई का इचाराले?”

पटवारी त्या प्रश्नावर खरोखर विचार करू लागले. लांब रस्त्यानं पेट्या नेणारी बैलगाडी येत होती, तिच्याकडं ते बघत राहिले.

“येईल,” ते शेवटी म्हणाले. “यावंच लागेल. कायदाच तसा केलाय त्यांनी.”

“मंग लिव्हा. मी पन्नास वर्सं थांबली. हे पोरगी पाच वर्सं थांबन.”

त्यांनी वही सायकलच्या सीटवर टेकवली, लेखणीचं टोक झटकलं आणि त्या लाल रेघेच्या खाली लिहायला सुरुवात केली.

“काना-मात्रा नीट द्या,” मी डोळे पुसत म्हणाले.

“देतो हो, देतो.”

लिहून झाल्यावर त्यांनी फुंकर घालून शाई वाळवली आणि पान मला दाखवलं. अकोल्याच्या त्या सहा जणींची नावंही मी त्यांना तिथंच सांगितली. तीही त्यांनी खाली लिहिली.

मोठीमाय तोवर उठून रस्त्याला लागली होती. दहा पावलं गेली, थांबली आणि मागं वळून तिनं गावभर ऐकू जाईल अशी हाक दिली:

“दमयंते! चाल लवकर, संक्रांतीचे तीय भाजाचे हायेत!”

रस्त्यानं चाललेल्या बायका थबकल्या आणि इकडंतिकडं पाहू लागल्या, ही कोणाला बोलावून राहिली म्हणून.